कोंबड्या, भाऊजी आणि नवी आवृत्ती

नाही, पण मी म्हणते, सांगितलं होतं कुणी? जेवायला बोलावलं होतं ना, मग जेवा, हात धुवा, घरी जा! पण आमचे भाऊजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, माझ्या लॅपटॉपपुढे बसले आणि नाक मुरडून म्हणाले, "अहो वहिनी, प्रोग्रॅमिंगच्या भाषेची ही आवृत्ती? ही तर कधीच म्हातारी झाली! थांबा, नवी टाकतो. पाच मिनिटांचं काम!"

तुम्हाला सांगते, ज्या माणसाला स्वतःच्या चपलेचा जोड सापडत नाही ना, तो दुसऱ्याचं दुरुस्त करायला सगळ्यात पुढे!

सोमवारी माझा प्रबंध द्यायचा. विषय? हसू नका. गाणी ऐकवली तर कोंबड्या जास्त अंडी घालतात का? हसू नका म्हटलं ना! इतकी वर्षं रेडिओ घेऊन खुराड्यात उभी राहिलेय मी, वास येतो म्हणून ह्यांनी पांघरूण वेगळं केलं… आणि उत्तर काय? घालतात! सगळा हिशेब त्या लॅपटॉपमध्ये.

तर नवी आवृत्ती आली. आली ती हात हलवत! जुनीत मी एकेक करून जमवलेल्या लायब्रऱ्या, पुस्तकांच्या नव्हेत हो, लोकांनी लिहून ठेवलेले आयते प्रोग्रॅम, एक सरासरी काढणारी, एक आलेख काढणारी… एकही नाही! तर भाऊजी म्हणतात, "जुन्या फोल्डरातून उचलून नव्यात टाकू की! पाच मिनिटांचं काम!" टाकल्या. स्क्रीन लालभडक! अहो, जुनीच्या मापाच्या त्या, नवीला कशा बसतील? म्हटलं, राहू दे, जुनीच उघडा. "ती मी काढून टाकली, वहिनी. उगाच जागा खात होती." जागा खात होती! आणि तुम्ही मघापासून काय खाताय? माझ्या डब्यातले शेंगदाणेच ना?

मग भाऊजी बसले एकेक लायब्ररी नव्याने उतरवत. ही म्हणते आधी तिला आणा, ती म्हणते हिला आणल्याशिवाय मी येत नाही… रुसलेल्या जावा बऱ्या! आणि हे सोफ्यावरून, "अगं, मदतच करतोय ना तो!" मदत! शत्रूने तरी आधी कळवलं असतं!

शेवटी चाललं एकदाचं. उत्तर आलं: गाण्याने काडीचा फरक पडत नाही! कोंबड्या त्याच, अंडी तीच! शोधलं तर काय, बिनगाण्याच्या खुराड्यावरचा राखणदार मोजायच्या वेळी झोपायचा आणि रकाना कोरा सोडायचा. जुनी लायब्ररी कोऱ्या रकान्याला शून्य अंडी धरायची, म्हणून तिथली सरासरी घसरायची; नवी तो रकाना सोडून देते. म्हणजे माझा सगळा शोध त्या मेल्याच्या झोपेवर उभा! रडले हो मी, खरंच रडले.

गेले माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांकडे, सगळं सांगितलं. सरांनी डोळे मिटले, दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाले, "बाई… जुनी आवृत्ती परत मिळते का?"

मिळते. पाच मिनिटांचं काम!

तर मी डॉक्टर झालेय… पण जुन्या आवृत्तीत.