विचुंब्याची भावी राजदूत

हसू नका, पण विचुंब्याच्या नाक्यावर माझा फ्लेक्स लागला होता. परराष्ट्र सेवेत जाणाऱ्यांसाठी एक फेलोशिप असते, तिच्या मुलाखतीला मला नुसतं बोलावलं, तर निवडणुकीला उभ्या असलेल्या काकाने ‘भावी राजदूत’ म्हणून अभिनंदन ठोकलं. त्याचा फोटो पुरुषभर, माझा अंगठ्याएवढा.

मुलाखतीत विचारलं, “सरकारचं म्हणणं पटलं नाही, तरी हसून मांडाल?”

मी म्हटलं, “नाही जमणार.”

झालं, नाव कटलं. काकाला म्हटलं, “फ्लेक्स उतरव.”

“येडी झालीस का? मतदान होईपर्यंत कोनाला काय बोलायचं नाय.”

नाक्यावर जो तो विचारायचा, “कधी जातेस गं?” मी हसून सांगायचे, “निघालेच.”

काका आला निवडून. आता घ्या म्हणावं माझी मुलाखत!