लाइव्हसाठी चष्मा

डोळ्यांत औषध घालून बेकरीवाल्या काकांना दवाखान्याच्या बाकावर बसवलं होतं. डोळे अजिबात उघडायचे नाहीत, अशी तंबी होती. मग काकांनी कान उघडे ठेवले. शेजारी सासू-सुना बोलत होत्या.

"आई, मोबाइलचं मी बघते, तुम्ही नुसतं शिवा. चष्म्याचा हट्ट कशाला? सुईत दोरा ओवता येतो ना?"

"दोऱ्यासाठी नकोच आहे. लाइव्ह चालू असताना लोक खाली लिहितात, ते वाचायचंय मला."

"मी वाचून दाखवते की."

"दाखवतेस ना! 'आजी, छान.' 'आजी, हाताला काय सफाई आहे!' परवा बोलण्याच्या नादात मी दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या. हजार माणसांनी बघितलं. तरी तू आपली 'आजी, छान'च वाचत होतीस."

"लोक काय, वाट्टेल ते लिहितात."

"लिहू देत. गिऱ्हाइकं तोंडावर बोलली, म्हणून तर हात बसला माझा. कौतुकानं कुणाचा बसलाय? सांग, काय लिहिलं होतं?"

"जाऊ द्या ना, आई."

"सांग म्हणते ना!"

"एकानं लिहिलं होतं, 'म्हातारीला आता घरी बसवा.'"

"अगं, मी घरीच बसलेय! तोच मेला रोज माझ्या घरात येऊन बसतो!"

काकांना हसू आवरेना. मिटल्या डोळ्यांतून औषध गालांवर ओघळलं.

तेवढ्यात नर्सची हाक आली, "आजी, चला आत, तुमचा नंबर आला."

"आले, आले. सूनबाई, त्याचं नाव लक्षात ठेव. चष्मा आला की पहिली बाही त्याला विचारून कापते."