सगुणाबाईचं उघडं दार

कायदा करणाऱ्या मायबापांनो, तुम्ही आमचा घात केलाय. मतं मागायला उंबऱ्यापर्यंत येता, लसीचा भोंगा दारावरून फिरवता. पण कुठली गोष्ट गुन्हा आहे, हे सांगायला कधी फिरकला नाहीत. आलात ते थेट धरायला.

टाळकरी, टाळ खाली ठेवा जरा. मंडळी, ऐका. आपण पाप करतोय हे ज्याला ठाऊकच नाही, त्याला शिक्षा द्यावी का?

आपल्या खालच्या आळीतली सगुणाबाई कासार. नवरा रंगनाथ बांगड्यांची पेटी घेऊन खेडी फिरायचा. मूलबाळ नाही. एकदा वादळात लिंबाच्या ढोलीतून पोपटाचं पिल्लू पडलं, पंख मोडलेलं. रंगनाथनं बांगड्या गुंडाळायच्या चिंधीनं पंख बांधला. राघू जगला, पंख वाकडाच राहिला.

दिवेलागणीला घरात शिरताना रंगनाथ रोज म्हणायचा, "सगुणे, दार लाव गं. कुत्रं शिरंल." राघूनं ते उचललं. पुढं रंगनाथ वारला, तरी दिवेलागणीला पिंजऱ्यातून तोच बोलायचा — तोच खर्ज, शेवटी तोच खाकरा. बाई म्हणायची, "लावते, लावते," आणि उठून कडी घालायची. दिवसभरात तिच्याशी कुणी बोललं, तर एवढंच.

मग राघूनं खाणं टाकलं. तेवढ्यात भोंगा आला — घरचे पाळीव प्राणी लसीच्या शिबिरात आणा. आणा म्हटलं, बाईनं आणला!

डॉक्टर म्हणाले, "आजी, हा पाळता येत नाही. गुन्हा आहे."

"गुन्हा? अहो, कीर्तनात बुवा ह्याचाच दाखला देत्यात की."

हसा, हसा. आत्मा म्हणजे पिंजऱ्यातला पोपट, असं मीच सांगत आलोय. तुमचा बुवा गुन्ह्यातला साथीदार निघाला.

जंगलखात्याचा माणूस आला. "कायदा माहीत नव्हता, ही सबब चालत नाही, आजी. ह्याला रानात सोडणार."

"त्याला उडता येत नाही, साहेब."

"ते आम्ही बघू."

"मग दिवेलागणीपर्यंत तरी ठेवा. एकदा बोलू द्या त्याला."

"पोपटाच्या बोलण्यासाठी गाडी थांबवू का?"

काय बोलणार, हे तिनं सांगितलं नाही. नवऱ्याचा आवाज परक्यापुढं कसा मागायचा? राघूला घेऊन गाडी गेली.

कायदा वाईट आहे, असं मी म्हणत नाही. ढोलीत हात घालून पिल्लं काढतात, पोत्यात कोंबून विकतात, धरा त्यांना. पण पडलेलं उचलणारा आणि ढोलीतून ओढणारा एकाच कलमात कसा बसतो?

आणि मंडळी, तुम्ही रे? त्या दिवशी आळीतले सगळे पिंजरे गुपचूप माळ्यावर गेले. मग एकेक जण बाईच्या दारात गेला. "मावशी, तुमचंच चुकलं. शिबिरात न्यायचाच कशाला?" म्हणाला, आणि घरी आला. आत जाऊन बसलं कोण? कोणी नाही.

परवा दिवेलागणीला मी तिकडून चाललो होतो. दार सताड उघडं. आत बाई रिकाम्या पिंजऱ्याकडं तोंड करून बसलेली. मी म्हटलं, "मावशी, कडी घाला की."

ती म्हणाली, "अजून म्हटलं नाही कुणी."

सरकार, तो आवाज कुठल्या रानात सोडलात? आणि मंडळी, घरी जाताना ते दार तुमच्या वाटेवरच आहे. तिथं थांबून तिच्याशी बोलणार कोण? माना खाली घालू नका. नाव सांगा.