स्पंज धुतला, एवढंच!

नाही, मला एक सांगा, घाण ती घाणच ना हो? का तिच्यातसुद्धा चांगली घाण, वाईट घाण, घरंदाज घाण असं काही असतं? अहो, माझं आयुष्य लाँड्रीत गेलंय म्हणून विचारतो! शाई म्हणा, तेल म्हणा, गंज म्हणा, लोकांनी अंगावर काय काय सांडलं आणि मी काय काय काढलं... नुसती कॉलर बघून माणूस ओळखतो मी! आणि आज माझ्याच घरात, सोफा होता त्या जागी, काय आहे? फिशटँक! तोही सेकंडहँड! मी आत आडवा झालो तरी उशीला जागा उरेल, एवढा!

आणला कुणी? बायकोने. म्हणजे ठरवला तिने, उचलला मी. मागच्या गल्लीतले एक रिटायर्ड हेडमास्तर मुलाच्या फ्लॅटवर राहायला निघाले होते, तिथे टाकीला जागा नाही. ही सहज म्हणून बघायला गेली आणि 'हो' म्हणून आली. मी हिच्याबरोबर टाकी आणायला गेलो तर दारातच वास! ओले मोजे पिशवीत कोंबा, आठवडाभर विसरा, आणि मग पिशवीत नाक घाला. शी! काचेला शेवाळ, तळाला गाळ, आणि त्या गाळातून कोणीतरी माझ्याकडे बघतंय... काळपट, जाड ओठांचं, पोट सुटलेलं!

म्हटलं, "हे काय?"

"हे साहेब," हेडमास्तर म्हणाले. "टाकीबरोबर येतात."

साहेब! मासा हो! आणि हेडमास्तरांनी चष्मा काढला, डोळे पुसले. "ही गेल्यापासून घरात बोलायला हेच होते. रविवारी भेटायला येईन मी. तोवर सांभाळाल ना?" झालं! आमची ही विरघळली. "काका, तुम्ही अगदी निर्धास्त या! डोळ्यांत तेल घालून जपू!" देऊन बसली शब्द. मग त्यांनी माझ्या हातात एक पिशवी दिली. आत फिल्टरचा स्पंज. काळा, बुळबुळीत, ठिबकतोय! म्हणतात कसे, "हा मात्र धुवायचा नाही हं. असाच बसवायचा." आता मला सांगा, लाँड्रीवाल्याच्या हातात मळका स्पंज द्यायचा आणि वर सांगायचं, धुवू नका! म्हटलं जाऊ दे, वय झालंय, बोलतात काहीतरी.

टाकी जिन्यातून चढवताना तळाचं राहिलेलं पाणी माझ्या बाहीतून आत शिरलं, बनियनमधून फिरत फिरत खाली उतरलं आणि थेट... असो, बायकामाणसं बसलीत इथे. सांगायचं काय, माझं डोकं फिरलं! साहेबांना ठेवलं टबात, ही गेली बाजारात, आणि मी बाह्या सरसावल्या. काच घासली. खडे चोळून चोळून धुतले. आणि तो स्पंज? गरम पाण्यात भिजवला, सोडा टाकला, चोळला, पिळला, खळबळून काढला, परत पिळला... पिवळाधमक निघाला हो! तो मुळात पिवळा होता हे हेडमास्तरांनासुद्धा माहीत नसेल! टाकी भरली, पंप लावला, साहेबांना आत सोडलं. पाणी असं नितळ, की साहेब हवेत तरंगतायत असं वाटावं! मी हिला म्हटलं, "बघ! याला म्हणतात काम!"

दोन दिवसांनी साहेब वर. पाण्याला तोंड लावून आपले ऑ... ऑ... ऑ...

ही म्हणाली, "काय केलंत?"

"कुठे काय?"

"माझ्याकडे बघून सांगा."

"स्पंज धुतला, एवढंच!"

"एवढंच? अहो, नको म्हणाले होते ना ते! रविवारी काय तोंड दाखवू मी काकांना?" आणि लागली रडायला. खोटं नाही सांगत, मीही ताट सरकवून उठलो. त्या बिचाऱ्याचे कल्ले लालभडक झालेले, माझ्याकडेच बघत ऑ... ऑ... करतोय, आणि केलेलं सगळं मी!

पळत गेलो शोभेच्या माशांच्या दुकानात. दुकानदार आधीच खवट. "साबणाने धुतलात?" म्हटलं, "छे छे, सोड्याने." त्याने कपाळावर हात मारला. "अहो, त्या घाणीत जंतू असतात, माशाने केलेलं निस्तरणारे! तुम्ही अख्खी नगरपालिका धुऊन टाकलीत! आता रोज थोडं पाणी बदला, आणि मुरलेली घाण घाला."

"मुरलेली? मिळते कुठे?"

"माझ्याकडे आहे. पण मी कुणाला देत नाही."

घ्या! आता घाणीचाही भाव वधारला! आणि मी, ज्याच्या दुकानाच्या पाटीवर 'डाग राहणार नाही' असं लिहिलंय तो मी, भर दुकानात हात जोडून म्हणतोय, "भाऊ, द्या ना हो जराशी घाण! चमचाभर! घरी जीव अडकलाय!" शेवटी त्याने आपल्या टाकीतला स्पंज माझ्या पिशवीत पिळला. काळाकुट्ट चिखल! पिशवी छातीशी धरून, माणसं चुकवत, तान्हं बाळ न्यावं तशी घरी नेली. वाटेत एक थेंब शर्टावर पडला. पांढरा शर्ट! आणि मला वाईट कशाचं वाटलं, सांगू? थेंब वाया गेला, त्याचं! घाण ती घाणच ना हो? मग मला झालं काय होतं?

ती घाण आमच्या पिवळ्याधमक स्पंजावर ओतली. मग रोज पाणी काढ, पाणी घाल, कंबरेचा काटा ढिला झाला. पण शनिवारी साहेब तळाला जाऊन बसले, तोंड मिटून. ही टाळ्या वाजवतेय, मी सोफ्यावर... सोफा कुठला, जमिनीवरच बसलो मटकन.

रविवारी हेडमास्तर आले. काचेला हात लावला. आणि तो मासा, माझ्याकडे ढुंकूनही न बघणारा, थेट त्यांच्या तळव्यापाशी येऊन थांबला हो! मग त्यांनी फिल्टर उघडून बघितला, आणि चेहरा असा खुलला! "वा! काय घाण धरलीय! ऐकलंत हो माझं, नाही धुतलात!" हिने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

तेवढ्यावर थांबतील तर ते मास्तर कसले! ओळखीत ज्याच्या ज्याच्या घरी मासे आहेत त्या प्रत्येकाला सांगून आले, मुरलेली घाण हवी तर यांच्याकडे जा! आता लोक लाँड्रीत मळकं आणतात, स्वच्छ नेतात. आणि घरी कोरा स्पंज आणतात, बरबटवून नेतात! परवा शेजारच्या वहिनी दारात उभ्या राहून, जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काही म्हणा, तुमच्या घरासारखी घाण दुसरीकडे कुठेच मिळत नाही!"

आणि आमची ही कौतुकाने म्हणते, "अहो, मी तर हातसुद्धा लावत नाही. सगळी यांचीच!"