हौद्यावरची खोली

गेटची तुटलेली बिजागरी घेऊन एक बाई वेल्डिंगच्या दुकानात बाकावर बसली होती. हात अडकले होते, पण कान मोकळे होते. तिच्या आधी एका म्हाताऱ्या जोडप्याचा नंबर होता. सोबत त्यांचा मुलगा, आणि दारात त्यांचा सपाट हौद्याचा ट्रक. वेल्डर म्हाताऱ्याशी बोलत होता, उत्तरं म्हातारी देत होती.

"मालक, हौद्यावर राहायची खोली बसेल. पलंग कुठे घेऊ?"

"केबिनकडे घ्या. त्याच्याखाली बाहेरून उघडणारे खण करा. जॅक, दोरखंड, स्टोव्ह, सगळं त्यात जाईल. पान्ह्यासाठी रोज गादी उचलायला मी मोकळी नाही."

"आई, त्यांनी बाबांना विचारलंय."

"बाबांना उत्तर सुचेपर्यंत ट्रकला गंज चढेल."

"मागे हूक लावायचा का, मालक?"

"लावा, आणि दणकट लावा. पाण्याची टाकी नि स्कूटर ट्रॉलीवर ओढायची आहे."

"आई, या वयात कुठे भटकणार? बाबांचे गुडघे गेलेत."

"गुडघे त्यांचे गेलेत. लायसन्स माझं आहे."

"लोक हसतील."

"हसू देत. दातांना वारा लागेल त्यांच्या."

"आणि पोरांना शाळेतून कोण आणणार?"

"आलास एकदाचा मुद्द्यावर. ज्यांची पोरं ते आणतील. तुला आणायला मी कुणाला धाडत होते?"

वेल्डर पुन्हा म्हाताऱ्याकडे वळला.

"मालक, तुम्हीच सांगा. काम धरू की राहू दे?"

"मला काय विचारतोस, बाबा? ड्रायव्हर ती. मी क्लीनर."