पडद्यावरची हळद

परवा लिंबायतला नातीच्या हळदीत काय झालं, ऐका. पडद्यावर आमच्या लग्नाचा फोटो लावला. हिला जाऊन बरीच वर्षं झाली, डोळे भरून बघावं म्हणून मी पुढेच बसलो. प्रोजेक्टरवाला म्हणाला, “काका, दिवा जुना झालाय, सगळं पिवळं दिसतंय. नीट करतो.” त्यानं बटणं दाबली आणि हिचा चेहरा पांढराफटक पडला.

“अरे बाबा, तिच्या गालावरची हळद पुसलीस की!”

तो हसला. थोडा पिवळा परत आणला. “बस?”

“अजून. तिच्या बहिणींनी भरभरून लावली होती.”

“काका, आता फोटोत तुम्हीपण पिवळे झालात.”

“होऊ दे. आधी मलाच लागली होती. माझीच उष्टी हळद तिला गेली.”