डिकीतला माणूस

नाही नाही, टेबलावर नको ठेवूस ते खोकं, तिथं तेल सांडलेलं असतं — इथं ठेव, या कापडावर. हां. आता बस. दारातली खुर्ची कशाला घेतेस, आत ये, पंख्याखाली. तू काय परकी आहेस? तुझ्या पहिल्या वाढदिवसाला मी तुझ्या बाबांकडे होतो, तू माझ्या मनगटावरचं घड्याळ सोडायलाच तयार नव्हतीस, शेवटी तुझ्या आईने खुळखुळा दाखवून सोडवलं. आठवत नाही ना? कसं आठवेल. मला आठवतं. मला सगळंच आठवतं, तीच तर कटकट आहे. — चहा? नको? बरं, नको तर नको. मीही दुपारनंतर घेत नाही, हात थरथरतो आणि मग केसाएवढा स्क्रू बसवता येत नाही.

तर तुला या खोक्यातल्या गाडीबद्दल विचारायचंय. विकायची आहे, की ठेवायची? — अजून ठरवलं नाहीस. घाई करू नकोस. लोक येतील तुझ्याकडे, गोड गोड बोलतील, ‘तुमचे बाबा काय माणूस होते हो’ म्हणतील आणि उचलून नेतील. या छंदातली माणसं फार चांगली नसतात. दिसतात भोळी. पण समोरच्याच्या कपाटात आपल्याकडे नसलेली गाडी दिसली ना, की जीव वर-खाली व्हायला लागतो. माझाही होतो. खोटं कशाला बोलू?

हे बघ, ही वरची रांग बघ. सत्तावीस आहेत. सगळ्या त्याच गाडीच्या. तुझ्यासारख्यांना वाटतं, एकच गाडी सत्तावीस वेळा कशाला घ्यायची — तुझी आई पण हेच म्हणायची, ‘तुम्हा दोघांना वेड लागलंय’ म्हणायची. पण नीट बघ की. हिचे आरसे वेगळे, हिच्या चाकांच्या काड्या तारेच्या, हिच्या सीटचा रंग तपकिरी आणि या शेजारचीचा मेंदीसारखा. आम्ही लहान होतो तेव्हा ती मालिका लागायची, काळी-पांढरी. कर्नल म्हणून हेर होता त्यात. कधी पिस्तूल काढायचा नाही, आवाज चढवायचा नाही. नुसता ती गाडी घेऊन यायचा — लांब नाकाची, बाटलीसारखी हिरवी, आत अक्रोडाचं लाकूड, कातड्याच्या सीट. आता काळ्या-पांढऱ्यात हिरवी कुठून दिसणार? नाहीच दिसायची. पण आम्हाला दिसायची. सीमेवरच्या नाक्यावर ती गाडी थांबली की सगळं घर गप्प व्हायचं, कारण आम्हाला ठाऊक असायचं की डिकीत कुणीतरी आहे. डिकीला खोटा तळ होता. त्याखाली माणूस. गुडघे पोटाशी घेऊन पडलेला. पलीकडून इकडे पळवून आणायचा असायचा ना. आणि कर्नल खाली उतरून पहारेकऱ्याला सिगारेट देतोय, हवापाण्याच्या गप्पा मारतोय, अगदी सावकाश. आम्ही खुर्चीच्या कडेवर!

मग खेळण्याच्या कंपनीने गाडी काढली. पहिल्या खेपेला डिकी उघडायची आणि आत खरंच माणूस होता, एवढासा, शिशाचा. पोरांच्या आयांनी आरडाओरडा केला — हे काय खेळणं आहे, डिकीत माणूस कोंबलेला! — झालं, पुढच्या खेपेपासून माणूस काढून टाकला. आणि पहिल्या खेपेतली माणसं पोरांनी हरवली, गिळली, गटारात गेली. आज गाडी मिळते गं, माणूस मिळत नाही. मी बावीस वर्षं शोधला. बावीस. शेवटी एका म्हातारीच्या शिवणाच्या डब्यात मिळाला, बटणांमध्ये.

तुझ्या बाबांकडे गाडी होती, माणूस नव्हता. ही तुझ्यासमोरची गाडी. तिची डिकी रिकामीच आहे आत्ताही, खोकं उघडायची तसदी घेऊ नकोस. — काय? — नाही, म्हणजे असणार रिकामी. त्यांच्याकडे माणूस नव्हता असं म्हणालो ना मी. — हो, नंतर केला होता त्यांनी एक. तुला दाखवला होता? फोनवर? केव्हा? — बुधवारी. अच्छा. डिकीत बसवलेला. अच्छा.

आणि ही चिकटपट्टी तूच लावलीस का? क्रियाकर्म झाल्या दिवशी? आणि तेव्हापासून उघडलंच नाहीस. — बरं केलंस. धूळ जात नाही.

हो, सांगतो ना, थांब. केला होता म्हणजे कसा, तर माझ्याकडून नेला होता माणूस आठवडाभर. दाताचा डॉक्टर, साचे काढण्यात हयात गेली, म्हणाले, घड्याळजी, दे तुझा माणूस, साचा घेतो, माझ्या गाडीत नकली तर नकली, पण रिकामी डिकी बघवत नाही. मी दिला. तीस वर्षांची मैत्री, नाही कसं म्हणणार? पण त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. मग परत दिला त्यांनी. कापसात गुंडाळून, तुमच्याकडे दाढा ठेवायची डबी असते ना, तसल्या डबीत. मी घरी आणला, भिंगाखाली धरला. रंग तोच, चेहरा तोच. पण काहीतरी वेगळं. वजन केलं, ते बरोबर. मग माप घ्यायचा व्हर्नियर लावला. अठरा पूर्णांक सहा मिलिमीटर. आणि आमच्या छंदवाल्यांची जी यादी आहे, सगळे जिला प्रमाण मानतात, तिच्यात छापलंय — एकोणीस! तुला कळतंय का? साच्यातून काढलेली नक्कल मुळापेक्षा नेहमी लहान येते. धातू थंड होताना आकसतो. हे तुझ्या बाबांनीच मला शिकवलेलं. म्हणजे मला नकली दिला आणि खरा स्वतःच्या डिकीत! केसाने गळा कापला. तीस वर्षांच्या मित्राने. तीन दिवस मी दुकान उघडलं नाही. बायको असती तर तिच्याशी बोललो असतो, पण ती गेली त्याला आता सहा वर्षं झाली. या गाड्यांशी बोलून काय होतं?

नाही, मी काही बोललो नाही त्यांना. कधी बोलणार? गुरुवारी मी तापाने पडलो होतो, दिवसभर अंथरुणात, आणि संध्याकाळी तुमच्या कामवाल्या बाईंचा फोन आला की डॉक्टर गाड्यांच्या खोलीत पडलेत. धावत गेलो, ताप असून. तुला सांगितलंय मी हे. पोलिसांनाही सांगितलंय. ती खोली आम्ही दोघांनी मिळूनच केलेली — दमट हवा लागू नये म्हणून दाराला रबर, दार आपोआप बंद व्हायचं. आतली मूठ सैल झाली होती, ती दुरुस्तीला माझ्याकडे होती, म्हणून ते दाराखाली लाकडाची पाचर लावायचे. पाचर सरकली. दम्याचा पंप बाहेर राहिला, टेबलावर, चष्म्याच्या शेजारी. असा अपघात. मूठ वेळेवर दिली असती तर... याचं मला फार वाईट वाटतं. खरंच वाटतं.

काय बघतेस? — चष्म्याच्या शेजारी. हो, मग? — बाईंनी पंप आणि चष्मा लगेच उचलून ठेवले होते? डॉक्टरांच्या खिशात? मी आलो तेव्हा टेबलावर काहीच नव्हतं? — मग मला कुणीतरी सांगितलं असेल. बाईंनीच सांगितलं असेल. किती दिवस झाले त्याला, माणसाला वाटतं आपणच पाहिलंय.

थांब, मी दार लावतो. रस्त्यावरून माणसं जातात, आपण घरचं बोलतोय. — अगं घाबरतेस काय, मी साठी उलटलेला माणूस, मी काय करणार आहे तुला? बस. बस म्हणतो ना. तू आलीस ती गाडीबद्दल विचारायला आलीच नाहीस, ते मला तू खोकं ठेवलंस तेव्हाच कळलं. गाडीची किंमत विचारायला येणारा माणूस गाडीकडे बघतो. तू पहिल्यापासून माझ्या हातांकडे बघतेयस.

बघ. हे बघ हात. आता का थरथरतायत, चहा घेतलेला नाही.

हो, गेलो होतो. गुरुवारी सकाळी अकराला गेलो असेन. त्यांनी हसून दार उघडलं. हसून! म्हणाले, बरं झालं आलास, बघ माझा माणूस कसा बसलाय. आणि गाडी बाहेर काढून टेबलावर ठेवली, डिकी उघडली आणि तो तिथं पडलेला. मी म्हटलं, हा माझा आहे. ते म्हणाले, अरे वेडा की काय, तुझा तुला दिला. मी यादीतलं माप सांगितलं. तर म्हणतात, यादी चुकलेली असेल, कुणीतरी टोपीची कड धरून मोजलं असेल! मला म्हणतात! मी चाळीस वर्षं केसाएवढी चाकं मोजतोय. मग म्हणाले, थांब, साचाच आणतो आतून, साच्यात तुझा घालून बघ, घट्ट बसला की तोच खरा. आणि गेले आत. पाठ केली माझ्याकडे आणि आरामात गेले. आणि मला वाटलं, साचा बदलतोय हा. आत दुसरा साचा करून ठेवलाय. मला तो आरामच सहन झाला नाही. पायाने पाचर काढली मी. एवढंच केलं. पायाने. लाथ नाही, नुसती बाजूला सारली, दार आपलं आपण आलं. म्हटलं, खरं बोलाल तेव्हा उघडतो.

मारायचं नव्हतं गं. शपथ घेतो कुणाची म्हणशील त्याची. दोन मिनिटं घाबरवायचं होतं. ते आधी हसलेच आतून. म्हणाले, घड्याळजी, पोरकटपणा पुरे. मग म्हणाले, अरे, तुझाच खरा आहे. मग वाजवायला लागले दार, हाताने, मग कशानेतरी. पंप दे म्हणाले. मी म्हटलं, देतो, आधी कबूल करा. आणि टेबलावर तो पडला होता ना, त्यांच्या डिकीतला, तो मी उचलला, व्हर्नियर खिशात असतोच माझ्या, आणि मोजला.

अठरा पूर्णांक दोन.

कळलं तुला? त्यांचा लहान होता. नक्कल त्यांच्याकडेच होती. माझा माझ्याकडेच होता, पहिल्यापासून. यादीच चुकली होती. ते बोलले तसंच. आणि आता मी ते दार उघडून त्यांना काय म्हणणार? कोणत्या तोंडाने उघडू? तीस वर्षं त्यांनी मला भाऊ मानलं, त्यांच्या घरात मी कुणाला न विचारता कपाटं उघडायचो. मला वाटलं, नाही, एकदा मोजून कधी भागत नाही, माझंच माप चुकलं असेल, हात हलला असेल. पुन्हा मोजू. नीट. मग उघडू. म्हणून भिंग लावलं. भिंग डोळ्याला लावलं ना, की मला ऐकू येत नाही, तू माझ्या दुकानात कुणालाही विचार.

हा घे. हा त्यांचा, लहान. मीच नेला तो, का नेला मला माहीत नाही. आणि हा माझा. हाही घे. मला नको आता. तुझ्या गाडीत घाल, नाहीतर नदीत टाक.

पोलिसांकडे जाशील ना? जा. मी काही म्हणणार नाही. काय म्हणालीस? — मोठ्याने बोल. किती वेळ?

ते कशाला विचारतेस, पोरी. — बरं. ऐक मग. मी तीनदा मोजलं. पहिल्या मापाला ते वाजवत होते. दुसऱ्या मापाला नखांचा आवाज येत होता, रबरावर. तिसऱ्या मापाला मी कितीही कान दिला तरी काही नव्हतं, आणि माप तेच आलं. अठरा पूर्णांक दोन.

आता जा. उचल ते खोकं आणि जा. अशी उभी राहू नकोस माझ्यासमोर. जा म्हणतो ना!